तारण कृपेने झालं, मग रोजचं जगणं स्वतःच्या बळावर का?

मोहरीदाणा (धागाकर्ती)

सर्वांना प्रभूमध्ये सलाम.

बरेच दिवस मनात घोळत असलेला विषय मांडतेय. तारण कशाने झालं असं आपल्यापैकी कुणालाही विचारा, उत्तर तयार असतं: कृपेने. इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायातलं वचन संडे स्कूलची मुलंसुद्धा घडाघडा म्हणतात, ‘हे तुमच्या हातून झाले असे नाही, तर हे देवाचे दान आहे.’ पण सोमवार उजाडला की हिशेब बदलतो. सकाळची प्रार्थना राहिली तर आज देव आपल्यावर नाराज आहे असं दिवसभर वाटत राहतं. आठवडाभर वचन नीट वाचलं, कुणावर आवाज चढवला नाही, तर रविवारी उपासनेत मन मोकळं असतं. नाहीतर मागच्या बाकावर कोपऱ्यात बसावंसं वाटतं. म्हणजे तारणाचा एक दिवस देवाचा आणि बाकीचे सगळे आपल्या हिमतीवर.

गलतीच्या मंडळ्यांना पौलाने नेमकं हेच विचारलं होतं: आत्म्याने सुरुवात केलीत, आता देहस्वभावाने शेवट गाठणार का? त्या लोकांनी ख्रिस्ताला नाकारलं नव्हतं. त्याला जोड दिली होती, सुंतेची, सणांची, दिवस आणि महिने पाळण्याची. पौलाला ती जोडच घातक वाटली, म्हणून त्या पत्राचा सूर इतका कडक आहे.

मला या बाबतीत सर्वांत जास्त शिकवलं ते निर्गमच्या सोळाव्या अध्यायाने. रानात इस्राएल लोकांना देव रोज आकाशातून मान्ना नावाचं अन्न द्यायचा; ते माणशी एक ओमर (एक माप) गोळा करायचं. ज्याने जास्त गोळा केला त्याचा उरला नाही, ज्याने कमी केला त्याला कमी पडला नाही. सकाळपर्यंत ठेवू नका असं सांगूनही काहींनी ठेवला, त्यात किडे पडले, घाण सुटली. पण शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी दुप्पट गोळा करायचा होता, आणि तो मात्र रात्रभर राहूनही नासला नाही. म्हणजे साठवणं हाच काही गुन्हा नव्हता. देवाच्या शब्दावर ठेवलेलं टिकलं, आणि उद्या तो देईल की नाही या धास्तीने दडवलेलं नासलं. चाळीस वर्षं हे चाललं. वर्षभराचं एकदम देणं देवाला अवघड नव्हतं, पण मग लोकांची नजर तंबूतल्या साठ्यावर राहिली असती, देणाऱ्यावर नाही.

आपल्याला कृपा साठ्यानेच हवी असते. पुढच्या महिन्यातल्या ऑपरेशनसाठी लागणारं धैर्य आज हवं असतं. मुलं दूर गेल्यावर येणाऱ्या एकटेपणाचं बळ आज हवं असतं. ते आज हाताला लागत नाही म्हणून आपण घाबरतो. ज्या दिवसाचं दुःख त्या दिवसाला पुरे, असं प्रभूने म्हटलंय, त्यात त्या दिवसाची कृपा त्या दिवसाला पुरे हेही आलंच असं मी मानते.

आणखी एक. संकटात कृपा मागणं त्यातल्या त्यात सोपं आहे. जिथे आपल्याला जमतं तिथे मागायचं सुचतच नाही. यहोशवाच्या नवव्या अध्यायात गिबोनचे लोक बुरसलेल्या भाकरी आणि फाटके बुधले घेऊन येतात, आम्ही फार लांबून आलो म्हणतात. इस्राएलाचे पुढारी भाकरी तपासून बघतात आणि करार करून मोकळे होतात. ‘परमेश्वराचा सल्ला घेतला नाही’ असं तिथे स्पष्ट लिहिलंय. तीन दिवसांत कळलं की हे तर शेजारचेच! यरीहोच्या तटापुढे त्यांना देवाची गरज पटली होती, भाकरी ओळखायला पटली नाही.

तुम्ही रोजच्या जगण्यात कृपेवर विसंबता म्हणजे नेमकं काय करता, हे ऐकायचंय. उपदेश नको, अनुभव आणि वचन दोन्ही चालेल.

वाटसरू

विषय काढल्याबद्दल आभार. मान्नाचा शब्बाथाचा भाग मी इतक्या वेळा वाचलाय, पण तो का नासला नाही याचा असा विचार केला नव्हता. वाचतोय.

कसोटी

मोहरीदाणाताई, मनापासून लिहिलंय, पण मला एक धोका दिसतो आणि तो मांडल्याशिवाय राहवत नाही. ‘कृपेवर विसंबणं’ या नावाखाली आपल्या लोकांत किती ढिलाई चालते! घेतलेले पैसे परत करायचे नाहीत आणि म्हणायचं देव बघेल. अभ्यास न करता परीक्षेला बसायचं आणि प्रार्थनेची विनंती पाठवायची. रागीट स्वभाव वर्षानुवर्षं तसाच, आणि वर ‘देवाने मला असंच स्वीकारलंय’. कृपा वाढावी म्हणून पापात राहावं काय, हा प्रश्न रोमकरांस पत्रात पौलालाच विचारावा लागला, म्हणजे त्याच्याही काळी कुणीतरी असा अर्थ काढतच होतं. याकोब तर सरळ सांगतो की क्रियांवाचून विश्वास निर्जीव आहे. मला वाटतं आजच्या मंडळीला कृपेच्या आश्वासनापेक्षा शिस्तीची गरज जास्त आहे.

मोहरीदाणा

कसोटी, तुम्ही दिलेली उदाहरणं खरी आहेत, ती नाकारत नाही. पण तो आजार कृपा जास्त झाल्याने झालेला नाही, असं माझं ठाम मत आहे. तीताला लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौल म्हणतो की देवाची तारणदायक कृपा प्रकट झाली आहे आणि ती आपल्याला शिकवते. काय शिकवते? अभक्तीला आणि ऐहिक वासनांना नाही म्हणायला. शिस्त शिकवणारी कृपाच आहे. तिला बाजूला ठेवून शिस्त आणायची म्हटली तर ती कुठून आणणार?

कष्टांबद्दल म्हणाल तर पौल करिंथकरांना लिहितो, ‘जो काही मी आहे तो देवाच्या कृपेने आहे’, आणि त्याच ओळीत पुढे म्हणतो की त्या सर्वांपेक्षा मी अधिक श्रम केले, पण ते मी नाही, माझ्याबरोबर असणाऱ्या देवाच्या कृपेने. कृपेने त्याला बसवून ठेवलं नाही. तंबू शिवून पोट भरणारा माणूस तो.

आणि नहेम्या बघा. यरुशलेमेचा पडलेला तट पुन्हा बांधताना शत्रू चालून येणार असं कळलं, तेव्हा त्याने काय केलं ते चौथ्या अध्यायात एकाच वाक्यात आहे: आम्ही देवाची प्रार्थना केली आणि रात्रंदिवस पहारा ठेवला. पहारा ठेवला म्हणजे विश्वास कमी पडला असं त्याला वाटलं नाही. परीक्षेचा अभ्यास त्या पहाऱ्यात येतो. उसने पैसे फेडण्यासाठी महिन्याला थोडे बाजूला टाकणंही त्यातच येतं.

ओसरी

या चर्चेला फार जुना इतिहास आहे, तो इथे सांगणे अप्रस्तुत होणार नाही. उत्तर आफ्रिकेतील हिप्पो शहराचे बिशप संत ऑगस्टीन यांच्या एका प्रार्थनेचा आशय असा आहे: प्रभू, तू जी आज्ञा करतोस ती पाळण्याचे बळ तूच दे, आणि मग तुला हवी ती आज्ञा कर. हे शब्द रोममध्ये पेलागियस नावाच्या साधूच्या कानावर पडले आणि तो अस्वस्थ झाला. पेलागियस दुराचारी मुळीच नव्हता. त्या काळच्या ख्रिस्ती लोकांचा सैलपणा पाहून कळवळणारा, कडक आचरणाचा माणूस होता तो. बळही देवानेच द्यायचे म्हटले तर लोक प्रयत्न सोडतील, ही त्याची भीती. श्री. कसोटी यांची काळजी काहीशी तशीच आहे, आणि ती काळजी म्हणून प्रामाणिक आहे.

पण त्यातून माणूस स्वतःच्या बळावर नीतिमान राहू शकतो असे जे त्याने शिकवले, ते मंडळीने स्वीकारले नाही. इ.स. ४१८ मध्ये कार्थेजच्या परिषदेने ते नाकारले. पुढे ५२९ मध्ये ऑरेंजच्या परिषदेने असेही स्पष्ट केले की विश्वासाची पहिली सुरुवातसुद्धा कृपेनेच होते. कारण उघड आहे. माणसाला स्वतःच्या बळावर नीतिमान राहता येत असेल, तर ख्रिस्ताकडे केवळ एक उत्तम उदाहरण एवढेच काम उरते. बुडणाऱ्याला काठावरून पोहण्याचे धडे देऊन तो वाचत नाही, कोणीतरी पाण्यात उतरावे लागते.

ऑगस्टीन यांच्या शेवटच्या दिवसांची हकीकत मला फार जवळची वाटते. ४३० साली हिप्पो शहराला व्हँडलांचा वेढा पडला होता. आजारी ऑगस्टीन यांनी दाविदाची पश्चात्तापाची स्तोत्रे लिहून बिछान्याजवळच्या भिंतीवर लावून घेतली होती. पडल्या पडल्या ती वाचत आणि रडत. कृपेवर आयुष्यभर लिहिलेल्या माणसालाही अखेरीस कृपा मागावीच लागली, हे मला खूप धीर देते.

रानवाट

ओसरीकाका, माहितीबद्दल धन्यवाद. पण कृपा की कर्म हा वाद कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्यातला आहे ना? आपण पुन्हा तिथेच जाणार का?

ओसरी

वाद झाला हे खरे, आणि त्यासाठी रक्तही सांडले. पण त्याच वादावर दोन्ही बाजूंनी खूप काम झाले आहे. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतील ऑग्सबर्ग येथे लुथरन जागतिक महासंघ आणि कॅथलिक चर्च यांनी नीतिमान ठरवले जाण्याविषयी संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. आपल्या कोणत्याही पुण्याईमुळे नव्हे, तर केवळ कृपेने, ख्रिस्ताच्या तारणकार्यावरील विश्वासाने देव आपल्याला स्वीकारतो, आणि पवित्र आत्मा आपल्याला सत्कृत्यांसाठी सज्ज करतो, असे त्यात दोघांनी मिळून म्हटले आहे. २००६ मध्ये मेथडिस्ट मंडळ्याही त्यात सामील झाल्या. सर्व मतभेद मिटले असे नाही. पण मूळ गोष्टीत आपण समजतो तितके दूर नाही.

पाझर

मी इथे सहसा लिहीत नाही. आज लिहितेय कारण मला चर्चेपेक्षा मदत हवी आहे.

माझ्या आईला विस्मरणाचा आजार आहे. तोच प्रश्न दिवसभर येत राहतो. रात्री उठून ती दार उघडायला जाते, म्हणून मलाही नीट झोप नाही. सकाळी प्रार्थना करून उठते तेव्हा मनात प्रेम असतं, संध्याकाळपर्यंत काहीच शिल्लक राहत नाही. मंडळीत लोक भेटतात, ‘देवाची कृपा पुरेशी आहे ताई’ म्हणतात आणि जातात. वचन खरं आहे हे मला माहीत आहे. पण संध्याकाळी सहा वाजता ती कृपा कुठे असते, हे मला कुणी सांगेल का?

द्राक्षवेल

पाझरताई, आधी एक सांगते, तुम्ही हे लिहिलंत ते फार बरं केलंत.

१ राजे १९ मधला एलीया आठवा. कर्मेल डोंगरावर एवढं मोठं काम करून आलेला माणूस रतामाच्या झुडपाखाली बसून म्हणतो, आता पुरे, माझा जीव घे. देवाने त्याला काय पाठवलं? उपदेश पाठवला नाही. त्याला झोपू दिलं. मग देवदूताने स्पर्श करून उठवलं, निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू उशाशी होता. खाऊन तो पुन्हा झोपला. दूताने दुसऱ्यांदा उठवून म्हटलं, ऊठ, खा, कारण वाट तुला झेपणारी नाही. ‘तू इथे काय करतोस’ हा प्रश्न त्यानंतर, होरेबपर्यंत चालून गेल्यावर आला.

म्हणजे थकलेल्या माणसाला झोप आणि अन्न देणं हे देवाच्या लेखी कृपेचंच काम होतं. संध्याकाळी सहाला तुमचं प्रेम संपलेलं नसतं, शरीर संपलेलं असतं. त्या वेळी मोठी प्रार्थना होत नाही, व्हायला हवी असंही नाही. नहेम्याने राजाच्या प्रश्नाचं उत्तर देण्याआधी मनातल्या मनात देवाकडे बघितलं, मध्ये फार तर एखादा श्वास गेला असेल. सासूबाईंचं करताना मी स्वयंपाकघरातून त्यांच्या खोलीत जाईपर्यंत ‘प्रभू, एवढा एक प्रश्न’ एवढंच म्हणायचे. पुढच्या प्रश्नासाठी पुन्हा. सगळा दिवस एकदम मागायची ताकदच नसायची.

आणि ‘माझी कृपा तुला पुरे आहे’ हे वचन लोक जाता जाता म्हणतात ते मलाही खुपतं. ते प्रभूने पौलाला सांगितलं होतं, तेही त्याने तीनदा विनवणी केल्यावर. ज्या त्रासाला पौल शरीरातला काटा म्हणतो, तो निघाला नाही. पण पौलाला मागू दिलं गेलं, तो मागत असताना कुणी त्याला गप्प केलं नाही. तुम्हीही आईसाठी मागत राहा, त्याने विश्वास उणा होत नाही.

वाटसरू

द्राक्षवेलताई, +१. ‘एवढा एक प्रश्न’ लिहून ठेवलं.

कसोटी

पाझरताई, तुमचा प्रतिसाद वाचून माझ्या मागच्या बोलण्याची दुसरी बाजू दिसली. शिस्त लागते या मतावर मी आहे, पण तुमच्यासारख्या माणसाला आणखी शिस्त सांगणं क्रूर ठरेल. फिलिप्पैकरांस पत्रात ‘भीत व कापत आपले तारण साधून घ्या’ म्हटल्यावर पौल तिथेच थांबत नाही, इच्छा आणि कृती दोन्ही तुमच्या ठायी घडवून आणणारा देव आहे असं लगेच जोडतो. मी पहिलं वाक्य नेहमी सांगतो. दुसरंही तितक्याच मोठ्याने सांगायला हवं.

रानवाट

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. एखाद्या बहिणीला घरात मारहाण होते आणि मंडळीतले वडीलधारे तिला सांगतात, ‘देवाने तुझ्यावर कृपा केली ना, मग तूही क्षमा कर, सहन कर, देव बळ देईल.’ हे मी कानाने ऐकलंय. हेसुद्धा कृपेवर विसंबणं आहे का?

ओसरी

नाही. हे निःसंदिग्धपणे सांगतो.

क्षमा करणे आणि मार खात राहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. यरुशलेमेत पौलाला फटके मारण्यासाठी वाद्यांनी बांधले, तेव्हा त्याने शताधिपतीला विचारले की चौकशी न करता रोमी नागरिकाला फटके मारणे तुम्हाला कायद्याने योग्य आहे काय? (प्रेषितांची कृत्ये, अध्याय २२.) अनेकदा मार सोसलेला हा माणूस, कृपेवर सर्वांत अधिक लिहिणारा, आणि तरीही त्याने कायद्याचे संरक्षण मागितले. दाविदाने शौलाचे वाईट चिंतले नाही, हाती सापडूनही त्याला मारले नाही. पण भाला फेकला जातो त्या घरात तो राहिलाही नाही, पळून गेला.

त्या बहिणीने सुरक्षित जागी जावे, पोलिसांची आणि कायद्याची मदत घ्यावी, आणि मंडळीने तिच्या पाठीशी उभे राहावे. तिच्या क्षमेचे वेळापत्रक ठरवण्याचा अधिकार कोणालाही नाही. पश्चात्ताप कोणी करायचा हे विसरून सोसणाऱ्यालाच कृपेचा पाठ देणे हा देवाच्या नावाचा गैरवापर आहे.

द्राक्षवेल

ओसरीकाका, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. मंडळीत हे इतकं स्पष्ट बोललं जायला हवं.

कोवळा_अंकुर

सगळा धागा एका बैठकीत वाचला. माझा प्रश्न असा: तेच पाप पुन्हा पुन्हा होत असेल तर? दरवेळी कबूल करतो, दरवेळी ठरवतो. आता प्रार्थनेला बसायचीच लाज वाटते. देव किती वेळा ऐकून घेईल?

मोहरीदाणा

अंकुर, पेत्राने विचारलं होतं की भावाला किती वेळा क्षमा करू, सातदा? प्रभूने त्याला सत्तर वेळा सात सांगितलं. जे माणसाकडून मागितलं ते देव स्वतः करत नसेल असं कसं होईल?

त्याच पेत्राने पुढे प्रभूला तीनदा नाकारलं. आणि प्रभूने हे आधीच सांगितलं होतं, तेव्हा सोबत असंही म्हटलं होतं की तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी तुझ्यासाठी विनंती केली आहे. नकार घडण्याआधीच विनंती झालेली होती! तुम्ही आज लाजेने ज्याच्यापुढे जात नाही, त्याला तुमचं कालचं पाप आज नव्याने कळणार नाहीये. इब्री लोकांस पत्रात जे कृपेचं राजासन म्हटलंय, तिथे ‘ऐन वेळी साहाय्य’ मिळावं म्हणून धैर्याने जायला सांगितलंय. पाप सुटल्यावर या, असं नाही म्हटलेलं. मोह समोर उभा असतो तीच ऐन वेळ.

पण एक व्यवहाराचंही सांगते, कसोटींना पटेल असं. एकट्याने लढू नका. याकोबाने एकमेकांजवळ पापं कबूल करा आणि एकमेकांसाठी प्रार्थना करा म्हटलंय. विश्वासाचा, पोटात ठेवणारा एक माणूस शोधा. मोह कोणत्या वेळी, कुठे, कशाने येतो ते त्याला सांगा आणि ती वाट बंद करा. फोनमुळे असेल तर रात्री फोन खोलीबाहेर ठेवा. हा नहेम्याचा पहारा.

कोवळा_अंकुर

पेत्रासाठीची विनंती आधीच झाली होती, हे कधी लक्षातच आलं नव्हतं. एक दादा आहेत, त्यांच्याशी बोलतो. आभार.

ओसरी

पाझरताई, तुम्हाला सांगायचे एक राहून गेले. मोहरीदाणा यांनी निर्गमचा सोळावा अध्याय घेतला, त्याच्या पुढचे दोन अध्याय तुमच्यासाठी आहेत. सतराव्यात अमालेकांशी लढाई चालू असताना मोशेचे वर उचलून धरलेले हात भरून येतात. देव त्याच्या हातांत चमत्काराने बळ भरत नाही. अहरोन आणि हूर त्याला धोंड्यावर बसवतात आणि दोन बाजूंनी सूर्यास्तापर्यंत हात धरून ठेवतात. अठराव्यात सासरा इथ्रो येऊन सांगतो, तू करतोस ते ठीक नाही, तू झिजून जाशील, हे काम एकट्याला झेपणारे नाही, माणसे नेम. मोशेने ऐकले.

आकाशातून पडणारा मान्ना आणि शेजाऱ्याचा हात, दोन्ही एकाच देणाऱ्याकडून येतात. ‘कृपा पुरेशी आहे’ म्हणून जाणाऱ्या त्या लोकांना पुढच्या वेळी थांबवा आणि विचारा: मंगळवारी दोन तास आईजवळ बसाल का?

पाझर

ओसरीकाका, द्राक्षवेलताई, तुमचे प्रतिसाद दोनदा वाचले. मदत मागणं म्हणजे देवावरचा भरवसा कमी पडणं असंच मी धरून चालले होते.

आज उपासनेनंतर महिला मंडळातल्या दोघींना विचारलं. एक मंगळवारी दुपारी येणार आहे, दुसरी शुक्रवारी रात्री मुक्कामाला, म्हणजे त्या रात्री मला झोपता येईल. आई नवीन माणसाला घाबरते, तेवढ्यासाठी प्रार्थना करा.

द्राक्षवेल

नक्की करते. त्या ताईंना आईचं आवडतं गीत आधी सांगून ठेवा, आल्या आल्या ते म्हणू देत. सासूबाईंना नावं आठवायची नाहीत, पण गीताच्या ओळी सगळ्या यायच्या.